अणू जुळले म्हणजे समीकरण जुळले का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आम्लात डायक्रोमेट आणि फेरस आयन यांच्या अभिक्रियेचे खालील समीकरण लिहिले, दोन्ही बाजूंचे अणू मोजले, सगळे जुळले, तरी तपासणाऱ्याने फुली मारली. मग समीकरण संतुलित आहे की नाही, हे खात्रीने तपासायचे कसे?

सीआर₂ओ₇²⁻ + १४ एच⁺ + एफई²⁺ → २ सीआर³⁺ + ७ एच₂ओ + एफई³⁺

(सूत्रे वर्गात मोठ्याने वाचतो तशीच इथे लिहिली आहेत: सीआर म्हणजे क्रोमियम, एफई लोह, सीयू तांबे, एमएन मँगनीज, एस गंधक, असे. पायातला बारीक आकडा अणूंची संख्या, डोक्यावरचा बारीक आकडा आणि चिन्ह म्हणजे प्रभार, सूत्राआधीचा मोठा आकडा सहगुणक.)

फुली बरोबर आहे. क्रोमियम २ आणि २, ऑक्सिजन ७ आणि ७, हायड्रोजन १४ आणि १४, लोह १ आणि १. इथवर तुमची मोजणी चोख आहे. आता प्रभार मोजा. डावीकडे −२ + १४ + २, म्हणजे +१४. उजवीकडे क्रोमियमचे +६ आणि लोहाचे +३, म्हणजे +९. पाचाचा फरक पडतो. डायक्रोमेटमधल्या प्रत्येक क्रोमियमचा ऑक्सिडीकरण अंक +६ वरून +३ वर येतो, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन घेतो. दोघांचे मिळून सहा. तुमच्या समीकरणात लोहाचा एकच अणू आहे आणि तो एकच इलेक्ट्रॉन देतो. उरलेले पाच इलेक्ट्रॉन कुठून आले याचा हिशेब नाही, आणि प्रभारातला फरक नेमका तेवढाच आहे. सहा फेरस आयन घेतले की हिशेब लागतो:

सीआर₂ओ₇²⁻ + १४ एच⁺ + ६ एफई²⁺ → २ सीआर³⁺ + ७ एच₂ओ + ६ एफई³⁺

डावीकडे −२ + १४ + १२ = +२४, उजवीकडे +६ + १८ = +२४. दोन्हीकडचा प्रभार सारखा हवा, शून्य हवा असे नाही. शून्यच हवा, हा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो, आणि मग बरोबर असलेले समीकरणही खोडले जाते.

हेच समीकरण आयनांऐवजी पूर्ण पदार्थांची सूत्रे घालून लिहिले असते, तर ही चूक अणू मोजतानाच सापडली असती. योग्य रूप असे:

के₂सीआर₂ओ₇ + ७ एच₂एसओ₄ + ६ एफईएसओ₄ → सीआर₂(एसओ₄)₃ + ३ एफई₂(एसओ₄)₃ + के₂एसओ₄ + ७ एच₂ओ

गंधक डावीकडे ७ + ६ = १३, उजवीकडे ३ + ९ + १ = १३. आता लोहाचा एकच अणू ठेवून पाहा: डावीकडे गंधक ७ + १ = ८, उजवीकडे ३ + १.५ + १ = ५.५. अडीच सल्फेट कमी पडतात, आणि एका सल्फेटवर दोन प्रभार, म्हणजे पुन्हा तेच पाच. पूर्ण सूत्रांच्या समीकरणात प्रभाराची जबाबदारी सल्फेट, पोटॅशियम असे प्रेक्षक आयन, म्हणजे अभिक्रियेत न बदलणारे आयन, उचलतात. आयनिक समीकरणात आपण त्यांना बाहेर काढतो, म्हणून प्रभार वेगळा मोजावाच लागतो.

तांबे आणि चांदीच्या आयनाचे छोटे उदाहरणही याच जातीचे आहे. सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी यात अणू एकास एक दिसतात, पण डावीकडे +१ आणि उजवीकडे +२. एजीचे दोन घ्यावे लागतात.

आता तपासणीचा क्रम. पहिले काम सूत्रांचे, आणि नेमके तेच वगळले जाते. एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂ हे अणूंच्या हिशेबाने निर्दोष आहे. पण लिहायचे होते पाणी आणि लिहिले गेले हायड्रोजन पेरॉक्साइड. एएल + ओ₂ → एएलओ₂ हेही जुळते, पण ॲल्युमिनियमची संयुजा ३, ऑक्सिजनची २, म्हणून ऑक्साइड एएल₂ओ₃ आणि समीकरण ४ एएल + ३ ओ₂ → २ एएल₂ओ₃. लोह क्लोरीनमध्ये तापवल्याचे समीकरण एफई + सीएल₂ → एफईसीएल₂ असे लिहिले तर एकही सहगुणक लागत नाही, म्हणून ते मोहात पाडते. प्रत्यक्षात कोरड्या क्लोरीनमध्ये फेरिक क्लोराइड मिळते: २ एफई + ३ सीएल₂ → २ एफईसीएल₃. या सगळ्यांचे मूळ बहुधा एकच असते. अणू जुळेनात म्हणून सहगुणकाऐवजी पायातला आकडा बदलला जातो, म्हणजे पदार्थच बदलला जातो. म्हणून मोजणीआधी प्रत्येक सूत्रावर एकेकदा बोट ठेवून संयुजा पडताळा. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन आणि आयोडीन हे सात मूलद्रव्यरूपात असतील तर त्यांच्या पायाशी २ आहे ना, ते बघा. आणि इंग्रजी अक्षरांत लिहिताना दुसरे अक्षर लहान आहे का, हेही बघा: कॅपिटल सी आणि कॅपिटल ओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, कॅपिटल सी आणि लहान ओ म्हणजे कोबाल्ट. घाईच्या हस्ताक्षरात हा फरक हमखास पुसला जातो.

सूत्रे बरोबर असली तरी अभिक्रिया घडतेच असे नाही. तांबे आणि विरल सल्फ्युरिक आम्लापासून हायड्रोजन निघतो, हे समीकरण कागदावर उत्तम जुळते. परीक्षानळीत काहीच होत नाही. संतुलनाची कोणतीही तपासणी हे सांगणार नाही, त्यासाठी धातूंची क्रियाशीलता माहीत असावी लागते.

दुसरे काम अणू मोजण्याचे. इथे माझा आग्रह असा: समीकरण सोडवताना ऑक्सिजन शेवटी घ्या, पण तपासताना सगळ्यात आधी. सोडवताना तो शेवटी, कारण तो सर्वाधिक पदार्थांत असतो आणि बाकीचे ठरले की आपोआप बसतो. तपासताना आधी, त्याच कारणाने: कुठल्याही सहगुणकात चूक असेल तर ती बहुतेक वेळा ऑक्सिजनच्या बेरजेत उमटते. ऑक्सिजन फसला की पुढचे मोजण्यात वेळ घालवायला नको.

पाणी शुद्धीकरणात ॲल्युमिनियम सल्फेट पाण्यातल्या बायकार्बोनेटशी अभिक्रिया करून जेलीसारखा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा साका तयार करते आणि गढूळपणा त्याबरोबर खाली बसतो. त्याचे समीकरण मोजणीच्या सरावाला फार चांगले आहे, कारण त्यात कंसच कंस आहेत:

एएल₂(एसओ₄)₃ + ३ सीए(एचसीओ₃)₂ → २ एएल(ओएच)₃ + ३ सीएएसओ₄ + ६ सीओ₂

ऑक्सिजन, डावीकडे. पहिल्या सूत्रात ४ × ३ = १२. दुसऱ्यात बायकार्बोनेटचे ३, कंसाबाहेरचे २, सहगुणक ३: ३ × २ × ३ = १८. एकूण ३०. उजवीकडे हायड्रॉक्साइडचे १ × ३ × २ = ६, सल्फेटचे ४ × ३ = १२, कार्बन डायऑक्साइडचे २ × ६ = १२. एकूण ३०. हायड्रोजन डावीकडे १ × २ × ३ = ६, उजवीकडे १ × ३ × २ = ६. कार्बन ६ आणि ६, गंधक ३ आणि ३, कॅल्शियम ३ आणि ३, ॲल्युमिनियम २ आणि २.

चूक होते ती दुसऱ्या सूत्रात. तीन आकड्यांचा गुणाकार डोक्यात करताना एक आकडा गळतो. सहगुणक विसरला तर तिथे ६ येतात आणि डावी बेरीज १८ होते. कंसाबाहेरचा २ विसरला तर ९ येतात आणि बेरीज २१. काही जण ३ आणि २ यांचा गुणाकार करण्याऐवजी बेरीज करतात. म्हणून तिन्ही आकडे कागदावर गुणाकाराच्या रूपात लिहा: पायातला आकडा, कंसाचा आकडा, सहगुणक, याच क्रमाने. एखादा आकडा नसेल तर तिथे १ लिहा. आणि एक मूलद्रव्य मोजताना प्रत्येक सूत्रावर टिंब देत पुढे जा. लांब समीकरणात शेवटचे पाणी मोजायचे राहून जाणे ही रोजची गोष्ट आहे.

मूलद्रव्यांची यादी फक्त डाव्या बाजूवरून करू नका. दोन्ही बाजूंवरून स्वतंत्र यादी करा आणि मग एकमेकांशी लावून बघा. एखादे मूलद्रव्य उजवीकडेच दिसत असेल, तर सहगुणक बदलत बसण्यात अर्थ नाही. एखादा अभिक्रियाकारक लिहायचाच राहिला आहे.

एकाच सूत्रात एक मूलद्रव्य दोन ठिकाणी असेल तर मोजणी हमखास घसरते. अमोनियम नायट्रेटमध्ये नायट्रोजन दोन, एक अमोनियममधला, एक नायट्रेटमधला. ॲसेटिक आम्ल सीएच₃सीओओएच लिहिले की हायड्रोजन चार, कार्बन दोन. इथेनॉल सी₂एच₅ओएच यात हायड्रोजन ५ नव्हे, ६. साखर कारखान्यांशेजारच्या आसवन्यांमध्ये मळीतल्या साखरेपासून जे इथेनॉल होते, त्याचे ढोबळ समीकरण असे:

सी₁₂एच₂₂ओ₁₁ + एच₂ओ → ४ सी₂एच₅ओएच + ४ सीओ₂

हायड्रोजन डावीकडे २२ + २ = २४. उजवीकडे ५ धरले तर २० येतात आणि चांगले समीकरण चुकीचे वाटते. ६ धरले की २४. ऑक्सिजन ११ + १ = १२, आणि ४ + ८ = १२.

स्फटिकजलाची सूत्रे ही आणखी एक अडचणीची जागा. मोरचूद म्हणजे सीयूएसओ₄·५एच₂ओ. मधला ठिपका गुणाकाराचा नाही. सल्फेटशी पाण्याचे पाच रेणू जोडलेले आहेत एवढाच त्याचा अर्थ. ५ हा आकडा फक्त पुढच्या पाण्याला लागू, म्हणून ऑक्सिजन ४ + ५ = ९ आणि हायड्रोजन १०. पण सूत्राआधी २ सहगुणक आला तर तो सगळ्याला लागू, पाण्यालाही. जिप्समपासून प्लास्टर ऑफ पॅरिस होते, तेव्हा सूत्रातच अपूर्णांक येतो:

२ सीएएसओ₄·२एच₂ओ → २ सीएएसओ₄·½एच₂ओ + ३ एच₂ओ

ऑक्सिजन डावीकडे २ × (४ + २) = १२, उजवीकडे २ × ४.५ + ३ = १२. हायड्रोजन ८, आणि २ + ६ = ८.

संयुक्त मूलक एकसंध धरून मोजायची युक्ती सगळे शिकवतात. वरच्या पाणी शुद्धीकरणाच्या उदाहरणात ती चालते: सल्फेट डावीकडे तीन, उजवीकडे तीन, गंधक आणि त्याचा ऑक्सिजन वेगळा मोजायची गरजच नाही. पण मूलक अभिक्रियेत फुटत नसेल तरच. नायट्रिक आम्लाबाबत ही युक्ती तोंडावर आपटते. तांबे आणि विरल नायट्रिक आम्ल:

३ सीयू + ८ एचएनओ₃ → ३ सीयू(एनओ₃)₂ + २ एनओ + ४ एच₂ओ

नायट्रेट म्हणून मोजले तर डावीकडे ८, उजवीकडे ३ × २ = ६. समीकरण चुकले? नाही. दोन नायट्रेट क्षपण होऊन नायट्रिक ऑक्साइड झाले. सुटा नायट्रोजन मोजा: ८, आणि ६ + २ = ८. ऑक्सिजन २४, आणि १८ + २ + ४ = २४. हायड्रोजन ८ आणि ८. याच आठ रेणूंपैकी दोन ऑक्सिडीकारकाचे काम करतात आणि सहा निव्वळ तांब्याला मीठ करण्यासाठी आम्ल म्हणून खर्च होतात. एकच पदार्थ अशी दोन कामे करतो तेव्हा त्याचा सहगुणक अनपेक्षित मोठा येतो. त्याला बिचकू नका. परमँगनेट आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या समीकरणात २ केएमएनओ₄ ला १६ एचसीएल लागतात: २ केसीएल, २ एमएनसीएल₂, ५ सीएल₂ आणि ८ एच₂ओ मिळतात. सोळापैकी दहाच क्लोराइड क्लोरीन होऊन बाहेर पडतात, उरलेले सहा मिठात राहतात.

मूलक फुटण्याचे टोकाचे उदाहरण पोटॅशियम फेरोसायनाइडचे. सल्फ्युरिक आम्ल आणि पाण्याबरोबर तापवल्यावर सायनाइडचा कार्बन एकीकडे जातो आणि नायट्रोजन दुसरीकडे:

के₄एफई(सीएन)₆ + ६ एच₂एसओ₄ + ६ एच₂ओ → २ के₂एसओ₄ + एफईएसओ₄ + ३ (एनएच₄)₂एसओ₄ + ६ सीओ

इथे सायनाइड एकसंध धरले तर उजवीकडे तो सापडणारच नाही. सल्फेट मात्र एकसंध धरता येतो: ६, आणि २ + १ + ३ = ६. हायड्रोजन १२ + १२ = २४, आणि ३ × २ × ४ = २४. उरलेला ऑक्सिजन, म्हणजे सल्फेटबाहेरचा, पाण्याचे ६ आणि कार्बन मोनॉक्साइडचे ६.

मोठे समीकरण समोर आले आणि वेळ नसेल, तर सम-विषम बघा. लोखंडी माक्षिक भाजण्याच्या अभिक्रियेत, म्हणजे एफईएस₂ आणि ओ₂ पासून एफई₂ओ₃ आणि एसओ₂, डावीकडे ऑक्सिजन फक्त ओ₂ रूपात आहे, म्हणून तो कायम सम. उजवीकडे एसओ₂ चा वाटाही सम. मग एफई₂ओ₃ चा सहगुणक सम असलाच पाहिजे. कुणी तिथे १ किंवा ३ लिहिला आणि बाकी सगळे पूर्णांक असतील, तर न मोजता सांगा की चूक आहे. योग्य आकडे ४, ११, २, ८. ही चाळणी चूक पकडते. बरोबर असल्याचा दाखला देत नाही.

आता खरा अडचणीचा प्रकार: अणूही जुळतात, प्रभारही जुळतो, तरी समीकरण चुकीचे. आम्लातल्या परमँगनेटची हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया घ्या. पुढची दोन्ही समीकरणे मोजून पाहा.

२ एमएनओ₄⁻ + एच₂ओ₂ + ६ एच⁺ → २ एमएन²⁺ + ३ ओ₂ + ४ एच₂ओ

२ एमएनओ₄⁻ + ५ एच₂ओ₂ + ६ एच⁺ → २ एमएन²⁺ + ५ ओ₂ + ८ एच₂ओ

पहिल्यात ऑक्सिजन १० आणि १०, हायड्रोजन ८ आणि ८, प्रभार +४ आणि +४. दुसऱ्यात ऑक्सिजन १८ आणि १८, हायड्रोजन १६ आणि १६, प्रभार पुन्हा +४ आणि +४. पेरॉक्साइडचे ३ घेऊन ४ ओ₂ आणि ६ एच₂ओ लिहिले तरी तेही जुळेल. कारण २ एच₂ओ₂ → २ एच₂ओ + ओ₂ हे पेरॉक्साइडच्या विघटनाचे समीकरण स्वतंत्रपणे संतुलित आहे, आणि ते हवे तितक्या वेळा मिळवता किंवा वजा करता येते. बेरीज बिघडत नाही.

यातले खरे कोणते, ते इलेक्ट्रॉन सांगतात. मँगनीज +७ वरून +२ वर, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेतो. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन −१ वरून ० वर जातो, रेणूत असे दोन, म्हणून एक रेणू दोन इलेक्ट्रॉन देतो. पाच आणि दोन यांचा लसावि दहा. म्हणून परमँगनेट २, पेरॉक्साइड ५. पहिल्या समीकरणात घेणारे दहा आणि पेरॉक्साइडने दिलेले दोन. आणखी एक खूण: बाहेर पडणारा ऑक्सिजन वायू पेरॉक्साइडमधून येतो, परमँगनेटमधला ऑक्सिजन पाण्यात जातो. दुसऱ्या समीकरणात पाच पेरॉक्साइडपासून पाच ओ₂, बरोबर बसते. पहिल्यात एका पेरॉक्साइडपासून तीन ओ₂ कसे येतील?

प्रयोगशाळेत याची किंमत मोजावी लागते. ०.०२ मोलर परमँगनेटच्या १ मिलीत ०.०२ मिलिमोल असते; २ ला ५ या प्रमाणात ते ०.०५ मिलिमोल पेरॉक्साइड संपवते, म्हणजे १.७० मिलिग्रॅम. औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे द्रावण दहापट विरल करून त्याचे १० मिली घेतले तर त्यात ३० मिलिग्रॅम पेरॉक्साइड असते आणि ब्युरेटवर सुमारे १७.६ मिली वाचन येते. पहिले, चुकीचे समीकरण वापरले तर १ मिलीला ०.३४ मिलिग्रॅमच धरले जातील आणि ३ टक्क्यांची बाटली ०.६ टक्के दिसेल. बाटली जुनी झाली, पेरॉक्साइड उडून गेले, असे वाटून माणूस भलतीकडे शोधत बसतो. (आम्ल विरल सल्फ्युरिकच वापरा, हायड्रोक्लोरिक घातले तर वर पाहिल्याप्रमाणे परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होते.)

एखाद्या समीकरणात असा धोका आहे का, हे आधीच ओळखता येते. पदार्थ किती ते मोजा. मग अटी किती ते मोजा: प्रत्येक मूलद्रव्याची एक अट, आयनिक समीकरण असेल तर प्रभाराची आणखी एक. पदार्थांतून अटी वजा केल्यावर १ उरला, तर सहगुणकांचे प्रमाण एकच असू शकते आणि मोजणी जुळली की विषय संपला. २ उरले, तर अनेक उत्तरे जुळतील आणि इलेक्ट्रॉनांचा हिशेब केल्याशिवाय निर्णय होणार नाही. पेरॉक्साइडच्या उदाहरणात पदार्थ सहा, अटी मँगनीज, ऑक्सिजन, हायड्रोजन आणि प्रभार अशा चार, उरले दोन. तुमच्या डायक्रोमेटच्या समीकरणात पदार्थ सहा, अटी क्रोमियम, ऑक्सिजन, हायड्रोजन, लोह आणि प्रभार अशा पाच, उरला एक. पण तुम्ही प्रभाराची अट सोडलीत, त्यामुळे तुमच्यापुरते दोन उरले, आणि लोहाचे १ घेतले काय, ६ घेतले काय, नाहीतर १७ घेतले काय, अणू जुळतच राहिले असते.

यात एक काळजी घ्या. दोन मूलद्रव्ये प्रत्येक सूत्रात ठरावीक प्रमाणातच एकत्र फिरत असतील, तर त्यांच्या दोन अटी नव्हेत, एकच. एखादी अट बाकीच्यांतून आपोआप निघत असेल, तर तीही वेगळी मोजू नका. पाणी शुद्धीकरणाच्या उदाहरणात पदार्थ पाच आणि मूलद्रव्ये सहा, म्हणजे वजाबाकी ऋण येते. पण तिथे ॲल्युमिनियम, गंधक आणि कॅल्शियम जुळले की हायड्रोजन आपोआप जुळतो, आणि ऑक्सिजनची अटही बाकीच्यांतून आपोआप निघते. स्वतंत्र अटी चारच.

वस्तुमानाचा ताळा हा वेगळा मार्ग आहे, आणि रेणुभारांचा तक्ता हाताशी असेल तर झटपट होतो. साखरेच्या उदाहरणात डावीकडे ३४२.३० + १८.०२ = ३६०.३२. उजवीकडे ४ × ४६.०७ = १८४.२८ आणि ४ × ४४.०१ = १७६.०४, बेरीज ३६०.३२. रेणुभार दोन दशांशांपर्यंत असतील तर मोठ्या सहगुणकांमुळे शेवटच्या स्थानी थोडा फरक पडू शकतो, त्याकडे दुर्लक्ष करा. फरक मोठा असेल तर तो किती आहे ते बघा, कारण तो आकडा बहुधा गुन्हेगाराचे नाव सांगतो: १८ च्या आसपास असेल तर पाण्याचा एक रेणू, ३२ असेल तर ओ₂ (किंवा गंधकाचा एक अणू), ४४ असेल तर कार्बन डायऑक्साइड. पण प्रभाराची चूक या ताळ्यात पकडली जाणार नाही. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान हायड्रोजन अणूच्या सुमारे १८०० व्या भागाइतके, ते दोन दशांशांत दिसतच नाही. तुमचे पहिले समीकरण वस्तुमानाच्या ताळ्यात खुशाल उत्तीर्ण झाले असते.

सगळे जुळल्यावर सहगुणकांचा मसावि काढा. ४ एच₂ + २ ओ₂ → ४ एच₂ओ संतुलितच आहे, पण मसावि २ आहे, म्हणून भागून २, १, २ लिहायचे. परीक्षेत यासाठी गुण जाऊ शकतात, म्हणून भागून टाकणे बरे. मात्र ही चूक अणू न जुळण्याच्या पंक्तीतली नाही. मसावि काढताना सहगुणक नसलेल्या पदार्थाचा १ धरायला विसरू नका; एकही १ असेल तर पुढे भागायला काही उरतच नाही. उष्मारसायनात अपूर्णांक मुद्दाम ठेवतात: पाण्याची निर्मिती-उष्णता −२८५.८ किलोज्यूल प्रति मोल ही एच₂ + ½ ओ₂ → एच₂ओ या रूपासाठी आहे. दुपटीने लिहिले तर आकडाही −५७१.६ होतो. तिथे अपूर्णांक बघून सहगुणक दुप्पट करायचे आणि उष्णता तशीच ठेवायची, हा हमखास घात.

आम्लधर्मी की आम्लारिधर्मी माध्यम, हेही एका नजरेत बघून घ्या. आम्लारिधर्मी द्रावणाच्या समीकरणात एच⁺ उरला असेल, किंवा (उदासिनीकरण सोडून) एकाच समीकरणात एच⁺ आणि ओएच⁻ दोन्ही दिसत असतील, तर बेरीज बरोबर असूनही लिखाण अर्धवट आहे. जितके एच⁺ तितके ओएच⁻ दोन्ही बाजूंना मिळवा, जिथे दोन्ही एकत्र येतील तिथे पाणी करा आणि दोन्हीकडचे सामाईक पाणी छाटा. त्यानंतर प्रभार पुन्हा मोजा, कारण ओएच⁻ एकाच बाजूला मिळवला जाणे ही इथली नेहमीची चूक आहे.

बरीच समीकरणे तपासायची असतील तर एक्सेल वापरा. प्रत्येक पदार्थाला एक स्तंभ, प्रत्येक मूलद्रव्याला एक ओळ, आणि शेवटची ओळ प्रभाराची. चौकटीत त्या पदार्थाच्या एका रेणूतली अणुसंख्या लिहा. वरच्या ओळीत सहगुणक, अभिक्रियाकारकांचे धन आणि उत्पादितांचे ऋण. मग प्रत्येक ओळीसमोर समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) हे फंक्शन लावून सहगुणकांच्या ओळीशी गुणून बेरीज घ्या. सगळीकडे शून्य आले पाहिजे. शून्य नसेल तर चिन्ह बघा: धन असेल तर ते मूलद्रव्य डावीकडे जास्त आहे, ऋण असेल तर उजवीकडे. तुमच्या समीकरणात प्रभाराच्या ओळीसमोर +५ दिसले असते आणि बाकी चारही ओळींत शून्य. अणुसंख्या भरताना कंस सोडवूनच भरा, म्हणजे सीए(एचसीओ₃)₂ च्या स्तंभात ऑक्सिजन ६, ३ नव्हे.

तयार ॲपवर अवलंबून असाल, तर ते प्रभाराची ओळ धरते का, हे तुमचेच पहिले समीकरण त्यात टाकून बघा. आणि परमँगनेट-पेरॉक्साइड टाकल्यावर ते २ आणि ५ देते, की दुसरेच जुळणारे उत्तर पुढे करते, तेही बघा.